घराच्या वाटेवर डांबरी थर : केव्हा, कोठे व कसा

हमरस्त्यापासून गावापर्यंत पक्की सडक झाली, तरी सडकेपासून आपल्या वस्तीपर्यंतचा शेवटचा टप्पा कच्चाच राहतो, असा अनुभव पुष्कळ शेतकऱ्यांना येतो. १९४३ साली नागपूर येथे भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने देशातील रस्त्यांची वीस वर्षांची योजना आखली, तेव्हा शेतीच्या विकसित भागातील कोणतेही खेडे मुख्य रस्त्यापासून पाच मैलांपेक्षा दूर राहू नये, असे उद्दिष्ट समोर ठेवले होते. पुढे २००० साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली आणि अनेक खेड्यांपर्यंत डांबरी सडक पोचली. परंतु सडकेच्या कडेपासून घराच्या ओट्यापर्यंतची पन्नास-साठ मीटरची वाट ही ज्याची त्यानेच करावयाची असते. काळ्या जमिनीत हाच टप्पा पावसाळ्याचे चार महिने सर्वांत अधिक छळतो. दुधाचे कॅन डोक्यावरून न्यावे लागतात, खताची गाडी सडकेवरच उतरवावी लागते, आणि घरात कोणी आजारी पडल्यास वाहन दारापर्यंत येत नाही.

म्हणून हाती थोडा पैसा आला की वाट डांबरी करून घ्यावी, असा विचार शेतकरी करतो. विचार चांगला आहे. पण तो अमलात आणण्याची रीत पुष्कळदा चुकते. मे महिन्यात एखादा मनुष्य ट्रकमध्ये रस्त्याच्या कामावरील ‘उरलेला माल’ घेऊन येतो, स्वस्तात टाकून देतो असे सांगतो, आणि वाटेवरील माती जेमतेम झाडून त्यावर तो काळा थर पसरून पैसे घेऊन जातो. पहिल्या दिवशी वाट आरशासारखी दिसते. आषाढात तिला भेगा पडतात आणि दिवाळीपर्यंत तिचे तुकडे शेतात विखुरलेले दिसतात. पैसा जातो आणि चिखल राहतो. अशा वेळी दोष डांबराला दिला जातो. वस्तुतः तो डांबराखाली काहीच नसण्याचा असतो. हा प्रकार टाळण्यासाठी शेतकरी बंधूंनी व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी काय लक्षात घ्यावे, याची माहिती या लेखात दिली आहे.

डांबर काय करते व काय करीत नाही

आपण ‘डांबर’ हा एकच शब्द दोन निरनिराळ्या पदार्थांसाठी वापरतो. एक दगडी कोळशापासून निघते, तर दुसरे खनिज तेल शुद्ध केल्यानंतर तळाशी उरते. दुसऱ्यास बिटुमेन म्हणतात आणि आज रस्त्यांसाठी तेच वापरले जाते. मुंबईस १९५४ व १९५५ साली तेलशुद्धीकरणाचे कारखाने सुरू झाले, तेव्हापासून हा पदार्थ आपल्या राज्यातच तयार होऊ लागला. कोळशाच्या डांबरात कर्करोगास कारण होणारी द्रव्ये असतात; सबब घराजवळील कामासाठी ते घेऊ नये. त्याचप्रमाणे धूळ बसावी म्हणून वाटेवर इंजिनाचे जळके तेल ओतण्याची काही ठिकाणी चाल आहे, तीही सोडून द्यावी. ते तेल पावसाबरोबर शेतात व विहिरीत उतरते.

डांबराचे काम दोन प्रकारचे आहे. ते खडीचे दाणे एकमेकांस चिकटवून ठेवते आणि वरून पडणारे पाणी खाली जाऊ देत नाही. परंतु वीस मिलिमीटर जाडीचा डांबरी थर स्वतःच्या बळावर ट्रॅक्टरचे ओझे पेलू शकत नाही. ओझे पेलते ते त्याखालील खडी, मुरूम व जमीन. घरावर पत्रे घातल्याने भिंती मजबूत होत नाहीत, तसेच हे आहे. पाया कच्चा असेल तर वरील थर तुटणारच, मग डांबर कितीही उत्तम असो.

काळ्या जमिनीचा स्वभाव

आपल्या राज्यातील काळी जमीन कपाशीला चांगली, पण रस्त्याला वाईट. तिच्यातील चिकण मातीचे बारीक कण पाणी शोषून फुगतात आणि सुकल्यावर आक्रसतात. उन्हाळ्यात या जमिनीत हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे शेतकऱ्यास सांगावयास नको. अशा जमिनीवर बसविलेला थर दर वर्षी वर उचलला जातो व खाली बसतो. शिवाय ओली झाली की तिची ताकद अगदी कमी होते.

यासाठी दोन गोष्टी कराव्यात. पहिली म्हणजे वाट शेताच्या पातळीपेक्षा उंच घ्यावी. पुष्कळ लोक काळी माती खोल खोदून काढतात आणि त्या चरात मुरूम भरून तो जमिनीच्या पातळीस आणतात. ही मोठीच चूक होय. आजूबाजूची काळी माती पाणी जिरू देत नाही, त्यामुळे हा चर पावसाळ्यात दोणीसारखा भरून राहतो आणि मुरूम आतल्या आत भिजत राहतो. त्याऐवजी वरची मुळ्याकुळ्यांची सुमारे १५ सेंटीमीटर माती काढून ती शेतात पसरावी आणि उरलेल्या जमिनीवर दबाई करून त्यावर वाट चढवीत न्यावी. पूर्ण झालेली वाट शेतापेक्षा निदान २० सेंटीमीटर उंच राहिली पाहिजे.

दुसरी गोष्ट म्हणजे काळी माती व खडी यांच्यामध्ये मुरमाचा जाड थर द्यावा. खडी थेट काळ्या मातीवर टाकल्यास पहिल्या पावसात माती खडीच्या पोकळीत वर चढते आणि खडी खाली रुतते. जेथे चांगला मुरूम मिळत नाही तेथे काळ्या मातीतच वजनाच्या सुमारे ३ ते ५ टक्के चुना मिसळून, ओलावून व दाबून ती सुधारता येते. मात्र चुन्याचे प्रमाण मातीच्या परीक्षणावरून ठरवावे लागते, म्हणून हे काम जाणकाराच्या देखरेखीखाली करावे.

कोकणातील जांभ्याची जमीन फुगत नाही; तेथे पाया घालणे सोपे आहे. परंतु तेथे पाऊस फार व उतार तीव्र असल्याने पाण्याचा बंदोबस्त दुपटीने करावा लागतो.

पाण्याची वाट आधी, माणसाची नंतर

डांबराचा खरा शत्रू पाणी होय. पाणी थरात शिरले म्हणजे खडीवरील डांबर सुटते आणि चाकाच्या प्रत्येक फेरीबरोबर थोडी खडी निघून जाते. म्हणून पावसाळ्यात छत्री घेऊन वाटेवर उभे राहावे व पाणी कोठून येते, कोठे साचते आणि कोठे जाते हे डोळ्यांनी पाहून खुंट्या ठोकून ठेवाव्यात. या एका निरीक्षणाने पुढील पुष्कळ खर्च वाचतो.

वाटेच्या दोन्ही बाजूंस चर काढावेत आणि ते नैसर्गिक ओघळीस नेऊन मिळवावेत. चराचा तळ मुरमाच्या थराच्या तळापेक्षा खाली असावा, म्हणजे मुरमातील पाणी बाहेर निघेल. वाटेचा मध्य उंच व कडा खाली असाव्यात. डांबरी पृष्ठभागास ४० सेंटीमीटरला १ सेंटीमीटर एवढा उतार पुरतो. म्हणजे ३ मीटर रुंदीच्या वाटेवर मध्य कडेपेक्षा पावणेचार सेंटीमीटर उंच येतो.

आपली वाट जेथे सार्वजनिक सडकेस मिळते तेथे सडकेचे गटार असते. ते मातीने बुजवून वाट काढल्यास पाणी सडकेवर येते; सडकही खराब होते आणि आपली वाटही. तेथे नळी टाकूनच वाट ओलांडून न्यावी. ६० सेंटीमीटर व्यासाची नळी घेतल्यास तिच्यातील गाळ काढणे सोयीचे पडते. सडक ज्या खात्याच्या किंवा संस्थेच्या ताब्यात असेल, मग ते सार्वजनिक बांधकाम खाते असो, जिल्हा परिषद असो वा ग्रामपंचायत असो, तिची परवानगी आधी घ्यावी. तसेच पाइपलाइन, ठिबकाची मुख्य नळी किंवा विजेची तार वाटेखालून न्यावयाची असल्यास ती आधीच टाकून घ्यावी. एकदा डांबर झाल्यावर वाट खणली की तो सांधा कधीच पूर्ववत होत नाही.

पायाचे थर

घरगुती वाहने, ट्रॅक्टर व अधूनमधून येणारी मालाची गाडी एवढीच वर्दळ असलेल्या वाटेस पुढील रचना सामान्यतः योग्य ठरते. जेथे उसाने भरलेल्या ट्रॉल्या हंगामभर जावयाच्या असतील तेथे मात्र अभियंत्याच्या सल्ल्याने पाया अधिक जाड घ्यावा.

सर्वांत खाली मुरूम, दाबून २० सेंटीमीटर. तो एकदम न टाकता १० सेंटीमीटरच्या दोन थरांत टाकावा. मुरूम पारखण्याची सोपी रीत अशी, की मूठभर मुरूम भिजवून त्याचा गोळा करावा. तो मातीसारखा हातास चिकटला व वळल्यास दोरीसारखा वळला, तर त्यात चिकण माती फार आहे असे समजून तो नाकारावा. दबाईच्या वेळी मुरमात ओल बेताची हवी. मुठीत दाबल्यावर गोळा टिकावा, पण तळहात ओला होऊ नये, ही खूण ध्यानात ठेवावी.

त्यावर खडीचे दोन थर, प्रत्येकी दाबून साडेसात सेंटीमीटर. खालच्या थरास ४५ ते ६३ मिलिमीटर आणि वरच्या थरास २२ ते ५३ मिलिमीटर आकाराची खडी घ्यावी. आपल्याकडील काळा पाषाण या कामास उत्तम आहे. तो कठीण असून डांबरही चांगले धरून ठेवतो. मात्र खडीवर धूळ असता कामा नये. खडी पसरून ती प्रथम कोरडीच दाबावी, नंतर बारीक चुरी पसरून झाडूने पोकळ्यांत भरावी, मग पाणी मारून पुन्हा दाबावी. शेवटी चांगला मुरूम पाण्याबरोबर सांध्यांत मुरवावा. यासाठी ८ ते १० टनी रोलर लागतो. रोलर नेहमी कडेपासून मध्याकडे चालवावा. मध्यापासून कडेकडे चालविल्यास खडी बाहेर सरकते व मध्याचा उंचवटा नाहीसा होतो. जेथे रोलर पोचत नाही अशा कोपऱ्यांत धुम्मसाने ठोकावे.

दोन्ही कडांना अर्धा-अर्धा मीटर रुंदीच्या मुरमाच्या साइडपट्ट्या ठेवाव्यात. कडेला आधार नसेल तर डांबर तेथूनच तुटू लागते.

पैशाची व वेळेची सोय असेल तर मुरूम व खडीचे काम एका वर्षी करून त्यावरून एक पावसाळा जाऊ द्यावा. जेथे पाया बसावयाचा तेथे तो बसतो, पाणी साचण्याच्या जागा उघड होतात, आणि त्या दुरुस्त करून पुढील वर्षी डांबर करता येते. ज्याच्याजवळ पैसा कमी आहे त्याने तर ही रीत अवश्य स्वीकारावी.

डांबराचे काम

डांबराचे काम पावसाळा संपून पाया कोरडा झाल्यावर करावे. आपल्याकडे फेब्रुवारी ते मेचा मध्य हा काळ चांगला. पावसाची चिन्हे असताना किंवा हवा १० अंशांपेक्षा थंड असताना हे काम करू नये.

प्रथम खडीचा पृष्ठभाग ताराच्या झाडूने स्वच्छ करावा, इतका की खडीची तोंडे दिसली पाहिजेत. त्यावर पाण्यात मिसळलेल्या पातळ डांबराचा, म्हणजे इमल्शनचा, पहिला हात द्यावा. यासाठी संथपणे बसणारे इमल्शन दर चौरस मीटरला ०.७ ते १ किलोग्रॅम लागते. ते एक दिवस मुरू द्यावे. मग थर टाकण्यापूर्वी लवकर बसणाऱ्या इमल्शनचा चिकट हात दर चौरस मीटरला सुमारे पाव किलोग्रॅम द्यावा. त्यावर डांबरात घोळलेल्या बारीक खडीचा २० मिलिमीटर जाडीचा थर पसरून लगेच रोलर फिरवावा. हा थर सच्छिद्र असतो, म्हणून त्यावर डांबरात घोळलेल्या वाळूचा लेप देऊन त्याची छिद्रे बंद करणे अत्यावश्यक आहे. खर्च वाचविण्यासाठी हा शेवटचा लेप गाळण्याकडे प्रवृत्ती असते. असे केल्यास पाणी आत शिरण्यास मोकळीक मिळते व सर्वच काम फुकट जाते.

हल्ली वापरात असलेल्या व्हीजी-३० प्रतीच्या डांबरासाठी उष्णता १५० ते १६५ अंश असावी. त्याहून अधिक तापविल्यास डांबराचा चिवटपणा जातो व ते ठिसूळ होते. मिश्रण ९० अंशांच्या खाली उतरण्यापूर्वी दबाई संपली पाहिजे. ‘उरलेला माल’ घेण्यात मुख्य धोका हाच असतो. तो दूरवरून येईपर्यंत थंड झालेला असतो आणि थंड मिश्रण कितीही दाबले तरी एकजीव होत नाही. शिवाय सरकारी कामावरील माल असा विकण्याचा अधिकार त्या माणसास असतो का, हाही प्रश्न आहेच.

डांबर खडीस धरते की नाही, हे पाहण्यासाठी मिश्रणातील काही खडे थंड झाल्यावर काचेच्या बरणीत पाण्याखाली एक दिवस ठेवावेत. खड्यांवरील काळा लेप सुटून दगड उघडा दिसू लागला, तर खडी धुळकट किंवा ओली होती असे समजावे.

साहित्याचा हिशेब

समजा, वाट ६० मीटर लांब व ३ मीटर रुंद आहे. डांबरी क्षेत्र १८० चौरस मीटर झाले. वर दिलेल्या रचनेप्रमाणे साहित्य साधारणपणे असे लागेल :

मुरूम, साइडपट्ट्यांसह — सुमारे २७ ब्रास (सुटा)
खडी, दोन थर मिळून — सुमारे १३ ब्रास
चुरी व सांध्यांतील मुरूम — सुमारे ४ ब्रास
पहिल्या हाताचे इमल्शन — १२६ ते १८० किलोग्रॅम
चिकट हाताचे इमल्शन — सुमारे ४५ किलोग्रॅम
२० मिलिमीटर थराची बारीक खडी — सुमारे पावणेदोन ब्रास
या थरासाठी डांबर — सुमारे २६३ किलोग्रॅम
वरच्या लेपासाठी डांबर — सुमारे १२२ किलोग्रॅम, व वाळू ०.४ ब्रास

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, अर्थात २.८३ घनमीटर. सुटा मुरूम दाबल्यावर पाव भागाने किंवा त्याहून थोडा अधिक बसतो. म्हणून ठेका देताना जाडी ‘दाबून’ किती, हे लेखी ठरवावे. प्रत्येक थर झाकला जाण्यापूर्वी तीन-चार ठिकाणी लहान खड्डे घेऊन त्याची जाडी मोजावी व मगच त्या थराचे पैसे द्यावेत. वर डांबर पडल्यावर खाली काय आहे ते कोणासही दिसत नाही. वरील यादीवरून हेही दिसून येईल की, मुरमाचा, चराचा व मातीचा भाग शेतकरी आपल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीने व घरच्या मेहनतीने करू शकतो. गरम डांबराचे काम मात्र सराईत माणसांकडूनच करून घ्यावे.

कोठे डांबर करू नये

ट्रॅक्टर उभा करण्याच्या व दुरुस्तीच्या जागी डांबर टाकू नये. डिझेल व तेल यांनी डांबर विरघळते. तेथे सिमेंट काँक्रीट करावे. गोठ्यातही डांबर नको. उन्हात ते तापते, ओले झाले की जनावरांचे पाय घसरतात आणि धुणे कठीण जाते.

खळ्यास डांबर करण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. डांबरावर वाळविलेल्या धान्यास तेलकट अंश लागण्याचा संभव असतो. धान्य वाळविण्यासाठी ताडपत्री किंवा स्वच्छ काँक्रीटचे खळे वापरावे. सार्वजनिक सडकेवर पीक पसरणे तर वाहनांसही घातक आहे.

लोखंडी धावेची बैलगाडी आणि भाताच्या चिखलणीसाठी लावलेली ट्रॅक्टरची लोखंडी जाळीची चाके डांबराची साल काढतात. ती वाटेवरून न्यावयाची असल्यास बाजूने मुरमाची गाडीवाट राखून ठेवावी.

दुसरे पर्याय

ज्या वाटेवर दिवसातून एक-दोनच फेऱ्या होतात, तेथे चांगला मुरूम, खडी व चर एवढ्यावरही बारमाही काम भागते. दर वर्षी दिवाळीनंतर थोडा मुरूम टाकून ती सारखी करावी लागते, इतकेच. चढाच्या वाटेवर किंवा जेथे ओल हटत नाही तेथे केवळ चाकोरीच्या दोन काँक्रीट पट्ट्या घालण्याची रीत फार उपयुक्त आहे. आपल्या वाहनांच्या चाकांतील अंतर मोजून पट्ट्यांची जागा ठरवावी व मधल्या भागात मुरूम किंवा दगड बसवावा. डांबराचा सुरुवातीचा खर्च साधारणतः काँक्रीटपेक्षा कमी असतो, पण देखभाल अधिक लागते. तेव्हा देखभाल करण्याची तयारी असेल तरच डांबर निवडावे.

कामाच्या वेळची सावधगिरी

तापलेल्या डांबराच्या पिंपात पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नये. पाण्याची एकदम वाफ होऊन डांबर फसफसून बाहेर उसळते. डांबराने पेट घेतल्यास पाणी न मारता झाकण घालून किंवा वाळू टाकून ते विझवावे. मजुरांना हातमोजे, पायांत बूट व अंगभर कपडे द्यावेत. मुलांना व जनावरांना जवळ येऊ देऊ नये. अंगावर गरम डांबर पडल्यास त्या भागावर निदान वीस मिनिटे गार पाणी सोडावे. कातडीस चिकटलेले डांबर ओढून काढू नये, कारण त्याबरोबर कातडीही निघते. जखमी माणसास लगेच दवाखान्यात न्यावे.

देखभाल

नवीन वाट निदान एक दिवस वापरू नये. त्यानंतर दर वर्षी मृगापूर्वी चर व नळी साफ करावी आणि साइडपट्टीवर साचलेली माती काढावी, म्हणजे पाणी अडणार नाही. भेग दिसताच तीत डांबर भरावे. खड्डा पडल्यास त्याच्या कडा चौकोनी व उभ्या कापाव्यात, आतील सुटी खडी व धूळ काढावी, इमल्शनचा हात देऊन मिश्रण भरावे आणि पृष्ठभागापेक्षा किंचित उंच ठेवून ठोकावे. अशा लहान दुरुस्तीसाठी थंड मिश्रणाच्या पिशव्याही बाजारात मिळतात. भर पावसात खड्डा पडल्यास तो तात्पुरता खडी-मुरमाने भरावा व उघडीप मिळताच पक्का करावा. घमेलेभर मिश्रणाने भरणारा खड्डा तसाच सोडल्यास वर्षभरात ट्रॉलीभर मागतो.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांना एवढेच सांगणे आहे की, कोणी शेतकरी वाट डांबरी करण्याचा सल्ला विचारण्यास आला, तर त्यास डांबराचा भाव सांगण्यापूर्वी त्याच्याबरोबर वाटेवर चालत जावे आणि तीन प्रश्न विचारावेत : येथले पाणी कोठे जाते? खाली जमीन कोणती आहे? आणि यावरून कोणकोणती चाके जाणार? या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील तरच डांबराचा विचार करावा. नसतील तर त्या वर्षीचा पैसा चर, मुरूम व खडी यांत घालण्यास सांगावे. तो पैसा पाण्यात जात नाही; पुढे केव्हाही डांबर करावयाचे ठरले, तर त्याच पायावर ते टिकते. आणि ते झाले नाही, तरी येत्या पावसाळ्यात दुधाचा कॅन सायकलवरून सडकेपर्यंत पोचेल व आजाऱ्यासाठी आलेले वाहन दारापुढे उभे राहील.